प्रश्नात दिलंय तेवढंच

"सात," लिफ्टकाका म्हणाले.

टीचरनी खडू तसाच हातात धरून फळ्यावरचा प्रश्न पुन्हा वाचून दाखवला, आता जरा सावकाश. "एका रुग्णाला दहा मिलिलीटर औषध दिवसातून तीन वेळा द्यायचे आहे. एका बाटलीत दीडशे मिलिलीटर औषध असते व तिची किंमत ऐंशी रुपये आहे. तीस दिवसांसाठी किती बाटल्या लागतील आणि एकूण खर्च किती येईल?"

"सातच. पाचशे साठ रुपये."

"बरं, आपण मिळून करू या. दिवसाला किती एमएल झालं?"

"तीस."

"तीस दिवसांचं?"

"नऊशे."

"नऊशेला दीडशेनं भागलं की?"

"सहा येतात."

"मग?"

"सहा येतात हो," काका म्हणाले, "पण लागतात सात."

मागच्या बाकावर इस्पितळाच्या कपडेधुलाईतली दोन पोरं बसली होती, ती खुसखुसली. टीचर वयानं लहान होत्या, काकांच्या लेकीपेक्षाही लहान. रागावणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी विचारलं, "एक जास्तीची कुठून आली, काका?"

काकांना हा प्रश्नच जरा चमत्कारिक वाटला. "थोडं सांडतं," ते म्हणाले. "मापाच्या झाकणाला चिकटून राहतं. आणि सकाळचं औषध बऱ्याचदा उलटून पडतं. पाव तासाच्या आत पडलं तर परत द्यावं लागतं, अख्खं. तिला सकाळी पोटात काही ठरत नाही."

"काका," टीचर हसून म्हणाल्या, "प्रश्नातल्या बाईला उलट्या होत नाहीत!"

सगळा वर्ग हसला. लोक हसतात म्हणून काकाही थोडे हसले, आणि वहीवर लिहिलेले सात खोडून त्यांनी सहा केले. पहिल्या बाकावरची मावशी तेवढी हसली नाही. ती कॅन्सरच्या वॉर्डात कामाला होती. तिनं मागे वळून काकांकडे पाहिलं, मग टीचरकडे पाहिलं, आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

वर्ग सुटल्यावर तिनं टीचरना दाराशी गाठलं. काका तोवर जिन्यापर्यंत पोचले होते, पण मावशीचा आवाज असा, की ती कुजबुजली तरी दोन मजले ऐकू जायचं.

"टीचरबाई, प्रश्नात बाई होती का हो?"

"म्हणजे?"

"रुग्ण लिहिलं होतं ना? बाई तुम्ही कुठून आणलीत?"

"अहो, काकाच 'तिला' म्हणाले, म्हणून मी..."

"हां. तेच सांगतेय. त्यांची बायको होती ती. आमच्याच वॉर्डात गेली."

काका जिना चढून गेले. टीचर काय म्हणाल्या ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

हा वर्ग इस्पितळाच्या तळघरात भरायचा, नर्सेसच्या शिकवणीच्या खोलीत. तिथं कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा उभा होता आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी नॅपकिन कायम वाळत टाकलेला असे. संध्याकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी तास दीड तास टीचर तिथं गणित शिकवायच्या. किलोचे ग्रॅम, लिटरचे मिलिलीटर, मीटरचे सेंटिमीटर, आणि मग त्यांची किंमत. औषधांच्या भांडारात मदतनीसांच्या जागा निघाल्या होत्या. ज्याला तिथं जायचं त्यानं चाचणी पास व्हायची. चाचणी इस्पितळाची नव्हती, बाहेरची कुठली तरी संस्था घ्यायची. धोबी असो, आया असो, लिफ्टवाला असो, सगळ्यांना एकच पेपर. चार उत्तरं छापलेली, त्यातल्या एकाचा गोळा काळा करायचा. तपासायला यंत्र. टीचर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "यंत्राला 'पण' कळत नाही. तुम्ही 'येतात सहा पण' असं म्हणालात की ते पुढचं ऐकतच नाही."

काकांचा सारा जन्म लिफ्टमध्ये गेला होता. जाळीचं दार ओढायचं, पितळी मूठ फिरवायची, स्टुलावर बसायचं. त्या जुन्या लिफ्टमध्ये एक पाटी होती: आठ व्यक्ती, पाचशे चव्वेचाळीस किलो. शाळा सुटल्यानंतर काकांनी स्वतःहून केलेलं एकमेव गणित ते. एक व्यक्ती म्हणजे अडुसष्ट किलो. आत येणाऱ्या माणसाला नुसत्या नजरेनं तोलायची त्यांना सवय लागून गेली होती, हा दीड व्यक्ती, ही पाऊण. बायकोला ते स्वतःच्याच लिफ्टमधून वर न्यायचे, तपासणीला, इंजेक्शनाला. आधी ती चालत यायची, मग खुर्चीतून. शेवटी शेवटी ती पाटीच्या हिशोबानं अर्ध्या माणसाच्या जरा वर उरली होती, आणि खुर्चीचं वजन तिच्याहून जास्त भरत असेल असं काकांना वाटायचं. त्यांनी ते कधी भागून पाहिलं नाही.

आता नव्या लिफ्ट बसल्या होत्या. बटण दाबलं की आपण होऊन जातात, आणि कुठला मजला आला ते आतून एक बाई सांगते. "काका, तुमच्या जागेवर बाई आणली की हो," मावशी म्हणाली होती, "आणि तीही न दिसणारी. पगार नको, रजा नको, पाठ दुखत नाही. अशी सवत कुणाला मिळू नये."

लिफ्टवाले तिघं होते. एक निवृत्त झाला, एकानं इस्पितळाच्या गावाबाहेरच्या गोदामाचं फाटक पत्करलं. काकाही नापास झाले तर तिथंच जाणार होते. येणाऱ्या ट्रकचा नंबर टिपायचा, फाटक उघडायचं, लावायचं. काम हलकं, पगार तोच. चाचणीला दोनदा बसता येत होतं. पहिल्या खेपेला काकांचं थोडक्यात हुकलं होतं. टाकीचं गणित बरोबर, फरशीचं बरोबर, कापडाचं, पेट्रोलचं, भिंतीच्या रंगाचं बरोबर. औषधाचे म्हणून जेवढे प्रश्न होते तेवढे चूक, आणि औषधांच्या भांडारासाठीच्या परीक्षेत ते थोडे नव्हते.

गोदामावर जायला काका का तयार नाहीत, ते कुणाला नीट कळत नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. दोन वर्षं बायको इथं ये-जा करत होती. लिफ्टवाल्याची बायको म्हणून तिची सगळ्यांशी ओळख, आणि बोलायला तर काय, भिंतीशीही बोलली असती. एक्सरेवाल्याचं लग्न ठरत नव्हतं तर तिनं त्याला दोन स्थळं सुचवली होती, खुर्चीत बसल्या बसल्या. जेवणाची ताटं वाटणारी बाई अजून काकांना अडवून म्हणायची, "वहिनी असत्या तर आजच्या भाजीला नावं ठेवली असती बघा." या इमारतीत असं कोणी ना कोणी रोज भेटायचं. गोदामावर काका एक विधुर चौकीदार झाले असते. इथं ते अजून तिचा नवरा होते.

दुसऱ्या दिवशी टीचर वर्गाच्या आधीच येऊन थांबल्या होत्या. काकांना पाहून उठून उभ्या राहिल्या.

"काका, काल मी जे बोलले... मला माहीत नव्हतं."

"तुम्ही बरोबरच बोललात," काका म्हणाले. "उत्तर सहाच आहे."

"तरी पण."

"यंत्राला 'पण' कळत नाही ना, टीचर?"

टीचरना हसावं की रडावं ते कळेना. मग त्यांनी एक युक्ती काढली. प्रश्न वाचताना जे दिलंय त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. ज्याखाली रेघ नाही ते धरायचं नाही, मग ते कितीही खरं असलं तरी. आणि औषध आलं की मनात औषध म्हणायचंच नाही, रंग म्हणायचं. रुग्ण आला की भिंत म्हणायचं. "रंगाची गणितं तुमची एकही चुकत नाहीत," टीचर म्हणाल्या.

काकांनी करून पाहिलं. एका भिंतीला दहा मिलिलीटर रंग दिवसातून तीन वेळा द्यायचा आहे.

"भिंतीला ताप आलाय का?" मावशीनं विचारलं.

"गप बस गं."

"नाही, तीन वेळा म्हणजे जेवणाआधी की जेवणानंतर?"

टीचरनी तोंडावर वही धरली. त्या दिवशी वर्गात खूप हसणं झालं आणि काकांचं उत्तरही सहा आलं. पण पुढच्या प्रश्नात गोळ्या होत्या, त्या रंगात बसेनात. त्याच्या पुढच्यात सलाईन होतं, थेंबाथेंबानं जाणारं. भिंतीचं सोंग फार वेळ टिकलं नाही. काकांनी पुन्हा जास्तीचं उत्तर दिलं, टीचरनी काही न बोलता ते खोडलं, आणि दोघांनीही त्याबद्दल पुढे काही काढलं नाही.

रविवारी लेक आली. ती दुसऱ्या गावाला असते, नवरा आणि लहान मुलगी घेऊन. या खेपेला एकटीच आली होती. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले, तीन डब्यांचा वास घेतला, दोन धुवायला टाकले.

"बाबा, एक बोलू? नापास झालात तर बरंच होईल."

"हा आशीर्वाद कुठल्या देवळात शिकलीस?"

"खरंच सांगते. सोडा नोकरी आणि चला आमच्याकडे. त्या गोदामातही नको आणि त्या इस्पितळातही नको. रोज त्याच दारातून आत जायचं, तेच बघायचं. मला तर तिकडून बसनं जातानासुद्धा मान दुसरीकडे करावी लागते."

"तुमच्याकडे येऊन करू काय?"

"बसा. टीव्ही बघा. नातीशी खेळा."

"बसायची सवय आहे मला," काका म्हणाले, "पण ती लिफ्ट निदान हलायची तरी."

लेक हसली नाही. तिला वाटलं बाबा नेहमीसारखे विषय बदलतायत. मग तिनंच नाद सोडला आणि सरावाचं पुस्तक ओढून घेतलं. "चला, घेते मी तुमची परीक्षा. एका खोलीची लांबी साडेचार मीटर व रुंदी तीन मीटर आहे. तीस सेंटिमीटर बाजू असलेल्या चौरस फरश्या किती लागतील?"

काकांनी मीटरचे सेंटिमीटर केले. लांबीला पंधरा, रुंदीला दहा. "दीडशे."

"एका फरशीला चाळीस रुपये."

"सहा हजार."

"बरोबर." तिनं मागचं पान उलटून उत्तर ताडून पाहिलं. मग तिच्या मनात काहीतरी आलं. तिच्या घरी नुकतंच फरशीचं काम झालं होतं. "पण बाबा, फरश्या फुटतात. कडेला कापाव्या लागतात, त्यात वाया जातात. आमच्याकडे दहा-बारा जास्तीच्या आणाव्या लागल्या. त्या तुम्ही धरल्या नाहीत."

"प्रश्नात कुठे फुटल्यात?"

"मग प्रश्नातलं औषध का सांडतं?"

बाहेर कोणी तरी सायकलची साखळी बसवत होतं, तिचा कटकट आवाज येत राहिला. लेकीनं पुस्तक खाली ठेवलं. तिला वाटलं आपण जरा जास्तच बोललो.

"सांडायचं म्हणून नव्हे," बऱ्याच वेळानं काका म्हणाले. "सांडतं थोडंफार. पण एक अख्खी बाटली कुठे सांडते?"

मग त्यांनी तिला सांगितलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्यांना वाटलं नव्हतं.

औषध काकाच द्यायचे. झाकण खिडकीकडे धरून, डोळ्यासमोर आणून, रेघेबरोबर रेघ लावून. ती पलंगावरून बघायची. "अहो, सोनार झालात की काय? द्या लवकर, नाहीतर तोळ्याचा भाव वाढायचा." ती प्यायची, तोंड वाकडं करायची, आणि बरेचदा ते सगळं तसंच बाहेर यायचं. ते झालं की तिला त्रासाचं काही वाटायचं नाही, औषध गेलं त्याचं वाटायचं.

"गेलं ना. वाया घालवलं मी."

"काही गेलं नाही. बाटलीत आहे अजून."

"संपत आली असेल. तीस दिवसांचं लिहून देतात आणि माझ्या हातून वीस दिवसांत संपतं. नका देऊ आता. दुपारचं घेईन."

"अगं, दुसरी बाटली आहे घरात."

"खोटं बोलता. दाखवा."

दाखवल्याशिवाय ती ऐकायची नाही. आणि दाखवली की निमूट तोंड उघडायची. तेव्हापासून काकांनी एक बाटली सीलबंद तशीच खिडकीत ठेवायला सुरुवात केली, पलंगावरून दिसेल अशी. तिच्यातलं औषध कधी काढायचं नाही. वापरातल्या बाटल्या संपायच्या, नव्या यायच्या, ती तिथंच. घरातल्या बाटल्यांचा हिशोब त्यांनी कधी सहाचा केला नाही. सहा प्यायच्या आणि एक दाखवायची.

"म्हणून सात," काका म्हणाले. "माझ्या डोक्यात ती बाटली आपोआप येऊन बसते. मी भागाकार बरोबर करतो गं. पण सहा लिहिलं की असं वाटतं, की आता तिनं 'दाखवा' म्हटलं तर काय दाखवू?"

लेक उठली. दोघांचे चहाचे कप घेऊन मोरीशी गेली. दोन कप धुवायला तिला बराच वेळ लागला. शेवटच्या महिन्यांत ती चारच दिवस येऊ शकली होती. मुलगी लहान होती, सासूचं ऑपरेशन होतं, कारणं सगळी खरी होती. खिडकीतली बाटली तिनं तेव्हा पाहिलीही होती आणि सूर्यप्रकाशात औषध ठेवू नये म्हणून उचलून कपाटात ठेवली होती. नंतर ती पुन्हा खिडकीत दिसली, तेव्हा बाबांना काही सांगून उपयोग नाही असं तिला वाटलं होतं.

ती पदराला हात पुसत परत आली आणि खाली, काकांच्या समोर बसली.

"बाबा, परीक्षेत ती बाटली धरू नका."

"तेच तर शिकतोय."

"नाही, ऐका ना. तुम्ही ती खोडायला बघता, म्हणून जात नाही ती. खोडायची कशाला? ती आपली होती. परीक्षेवाल्यांना आपण ती का द्यायची?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. बोलताना तिची हनुवटी अगदी आईसारखी पुढे यायची, भांडायला निघाल्यासारखी. एरवी ते त्यांना दिसत नसे.

"वाच पुढचा," ते म्हणाले.

ती संध्याकाळच्या बसपर्यंत वाचत राहिली. औषधाचे प्रश्न तिनं मुद्दाम शोधून काढले. काका प्रत्येक वेळी शब्दांखाली रेघा मारायचे, भागाकार करायचे आणि उत्तर सांगायच्या आधी क्षणभर थांबायचे. त्या थांबण्यात काय होत होतं ते लेकीला कळत होतं, म्हणून तिनं घाई केली नाही. निघताना तिनं पुन्हा आपल्याकडे येण्याचा विषय काढला नाही. फक्त दाराशी चपला घालता घालता म्हणाली, "ती मावशी अजून आहे तिथं? आईला आंघोळ घालायची ती?"

"आहे की. माझ्या पुढच्या बाकावर बसते."

"तिला माझा नमस्कार सांगा."

चाचणी एका शाळेत होती. लहान मुलांचे बाक, त्यामुळे मोठी माणसं गुडघे कडेला काढून बसली होती. मावशी दोन रांगा पुढे. तिनं बसण्याआधी बाक आपल्या रुमालानं पुसला, मग शेजारच्या अनोळखी माणसाचाही पुसला. सवय. वर्गभर पेन्सिलींचा आवाज सुरू झाला. काका पहिल्यापासून एकेक प्रश्न सोडवत गेले. दळणाचा प्रश्न होता, दोरीचा होता, दुधाच्या कॅनचा होता. एका माणसानं अडीच किलो खिळे आणले होते आणि त्याला त्यातले तीनशे ग्रॅम परत करायचे होते, का ते त्याचं त्यालाच ठाऊक. मधूनमधून औषधाचे प्रश्न आले. काकांनी रेघा मारल्या, थांबायचं तेवढं थांबले, आणि दिलंय तेवढंच धरून पुढे गेले.

शेवटून दुसरा प्रश्न असा होता: 'एका रुग्णासाठी एक लिटर औषध चारशे रुपयांना आणले. त्याला रोज दोन वेळा प्रत्येकी पंधरा मिलिलीटर औषध देण्यात आले. पंचवीस दिवसांनंतर औषध बंद करण्यात आले. उरलेल्या औषधाची किंमत किती?'

काकांनी रेघा मारल्या. एक लिटर म्हणजे हजार मिलिलीटर. रोजचं तीस. पंचवीस दिवसांचं साडेसातशे. हजारातून गेले साडेसातशे, उरलं अडीचशे. पाव लिटर. चारशेचा चौथा हिस्सा शंभर. शंभराचा गोळा दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यांनी पेन्सिल त्याच्यावर नेली आणि पेन्सिल तिथंच राहिली.

पंचवीस दिवसांनंतर औषध बंद करण्यात आले.

औषध असं मध्येच बंद करतात ते कधी, हे काकांना माहीत होतं. घरात उरलेलं औषध त्यांनी पाहिलं होतं. त्याची किंमत तेव्हा कुणी विचारली नव्हती. आलेली माणसं बसली होती, कुणीतरी पलंग आवरत होतं, आणि बाटल्यांचं काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. पर्यवेक्षकांनी अजून वेळ किती राहिला ते सांगितलं. मागे कुणीतरी खोकलं.

काकांनी प्रश्न पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचला, टीचरनी शिकवलं होतं तसा. एक लिटर, दिलं होतं. चारशे रुपये, दिले होते. दोन वेळा, पंधरा मिलिलीटर, पंचवीस दिवस. सगळ्याखाली रेघ होती. औषध बंद करण्यात आले, तेही दिलं होतं. का बंद करण्यात आले, ते दिलं नव्हतं. त्यांनी ओळीच्या वर पाहिलं, खाली पाहिलं. त्या सबंध प्रश्नात कुणी गेल्याचं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दिलेलं नाही ते धरायचं नाही.

त्यांनी गोळा काळा केला. कडेबाहेर जाऊ न देता, मधे पांढरं राहू न देता, हळूहळू पूर्ण काळा केला. मग शेवटचा प्रश्न सोडवला, तो पाण्याच्या टाकीचा होता आणि सोपा होता.

पुढे निकाल लागला, काका पास झाले, मावशीला त्यांच्याहून तीन गुण जास्त पडले आणि ते ती अजून येता-जाता ऐकवते. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी पेपर देऊन बाहेर आले तेव्हा दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. शाळेच्या मैदानाच्या कडेला नळ होते, मुलांच्या उंचीचे. काका वाकून बोटांवरचं पेन्सिलीचं काळं धूत होते. मावशी शेजारच्या नळाशी आली आणि तिनं तोंडावर पाण्याचे हबके मारले.

"शेवटून दुसऱ्याचं काय आलं तुमचं?"

"शंभर."

"माझंही शंभर! देवा रे. मला वाटलं अडीचशेवर खूण करतेय की काय. ती मेली माणसं मुद्दाम ठेवतात ना अडीचशे तिथं, आपण फसावं म्हणून." तिनं तोंड पुसलं. "पण काय हो काका, एवढं महागाचं औषध, पाव लिटर शिल्लक असताना पंचवीस दिवसांत बंद कसं काय..."

बोलता बोलता ती थांबली. इतकी वर्षं त्या वॉर्डात काढलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर कुणी सांगायला नको होतं. तिनं काकांकडे पाहिलं नाही. नळाच्या तोटीवरचा पाण्याचा थेंब उगीच बोटानं पुसला.

"बरी झाली असेल," काका म्हणाले.

मावशीनं ओला रुमाल पिळून खांद्यावर टाकला.

"हो, बरीच झाली असेल," मग ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले असतील, आता कशाला औषध, जा घरी. आणि हिला काय घाई! पिशवी स्वतःच भरली असेल. खुर्ची नको म्हणाली असेल. चालत गेली असेल, जिन्यानं, कठड्याला हात न लावता."

"वाटेत सगळ्यांशी बोलत," काका म्हणाले.

"तर! तास लागला असेल खाली यायला."

काकांनी मान हलवली. त्यांचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. त्यांनी नळ बंद केला.